आज ड्यूटी कोणाची? अकरा जण, अकरा रात्री आणि श्रीलंका

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की आजी, काका-काकू, पोरंबाळं अशी सगळी वरात घेऊन परदेशात जायचं असेल तर कुठे जायचं आणि कसं जायचं. "कुठे"चं माझं उत्तर सोपं आहे, श्रीलंका. पण "कसं" हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. म्हणून आज ठिकाणांबद्दल बोलेनच, पण त्या निमित्तानं एका वेगळ्या गोष्टीबद्दलही बोलणार आहे. ती म्हणजे, कुटुंबाच्या ट्रिपमध्ये सुट्टी नक्की कोणाला मिळते?

आधी आमची टीम सांगते. मी, वय अठ्ठावीस, बीटेक कॉम्प्युटर, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर. आई-बाबा. काका-काकू. आत्या. चुलत बहीण, म्हणजे माझी ताई, तिचे यजमान म्हणजे आमचे भावोजी, आणि त्यांची दोन मुलं, भाची नऊ वर्षांची, भाचा पाच वर्षांचा. आणि आजी, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखणारे, बीपीच्या गोळ्या चालू, जीभ मात्र एकदम ठणठणीत. असे अकरा जण. २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही अकरा रात्रींसाठी गेलो होतो.

ट्रिपचं ठरवायला सगळे रविवारी आमच्याकडे जमले, तेव्हा पहिला मुद्दा निघाला, आजीला न्यायचं का? आत्या म्हणाली, "तिला कशाला त्रास? एवढा प्रवास झेपणार नाही." काका म्हणाले, "बरोबर आहे." मग साहजिकच पुढचा प्रश्न, तिच्याजवळ कोण राहणार? कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. आणि आईच म्हणाली, "मी राहीन. मला तसंही फिरायची एवढी हौस नाही."

आता ही बाई रोज दुपारी मागचं आवरून झालं की यूट्यूबवर ट्रॅव्हल व्लॉग बघत बसते. तिला हौस नाही!

तेव्हा मला कळलं, की "आजी येणार का" हा प्रश्नच मुळात "आई फिरणार का" असा आहे. आणि आजीला नेलं तरी तो सुटत नव्हता. कारण तिथे गेल्यावर सगळे डोंगर चढणार आणि आई खाली बाकावर आजीची पिशवी मांडीवर घेऊन बसणार. जागा बदलली तरी काम तेच.

ऑन-कॉल म्हणजे काय

आमच्या क्षेत्रात एक पद्धत असते, ऑन-कॉल. सिस्टीम चोवीस तास चालू ठेवायची असते, रात्री दोन वाजता काही बंद पडलं तर कोणीतरी उठून बघायला लागतं. हे काम एकाच माणसाकडे दिलं तर तो सहा महिन्यांत राजीनामा देतो. म्हणून पाळीपाळीनं आठवडे वाटलेले असतात. ज्याचा आठवडा, त्याचा फोन वाजणार. बाकीच्यांनी निवांत झोपायचं. आणि पाळी बदलताना हँडओव्हर द्यायचा, म्हणजे कुठे काय चालू आहे, कुठे लक्ष ठेवायचं, हे लिहून द्यायचं.

घरात आई गेली कित्येक वर्षं कायमची ऑन-कॉल आहे. फरक एवढाच की घरी राजीनामा देता येत नाही.

म्हणून मी एक शीट केली. प्रत्येक दिवसाचे दोन भाग, सकाळ आणि दुपार. प्रत्येक भागासमोर एकाचं नाव. त्या वेळात आजी ज्याची जबाबदारी, तो बाकी काही करणार नाही. ज्यांची ड्यूटी नाही त्यांनी मधे पडायचं नाही. आणि कोणालाही सलग दोन ड्यूट्या नाहीत. मुलांचंही तसंच, ताईवर सगळं नको. मोठी माणसं आठ होती, आजीला सोडून. म्हणजे हिशोब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन अर्धे दिवस येत होते. फार नाही हो!

काकांना ते आवडलं नाही. "घरच्या माणसांना काय शिफ्ट लावतेस?" बाबा म्हणाले, "माझी ना नाही, पण मला तिच्या गोळ्या कळत नाहीत." आजीनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मी काय सामान आहे का, याच्याकडून त्याच्याकडे द्यायला?" तिचं अगदी बरोबर होतं. मग तिनंच दोन अटी घातल्या. एक, तिच्या वेळात काय करायचं ते ती ठरवणार, ड्यूटीवाला नाही. दोन, तिलाही ड्यूटी पाहिजे. म्हणून रात्री जेवण झाल्यावर पाच वर्षांचा भाचा आजीकडे. गोष्टी सांगणं आणि झोपवणं हे तिचं खातं.

मग आईला सांगितलं, हँडओव्हर लिही. आईला वाटलं चार ओळी होतील. झालं पानभर, पाठपोट. कुठली गोळी कशानंतर. सकाळी उठल्यावर आधी पाच मिनिटं पलंगावर बसू द्यायचं, लगेच उभं करायचं नाही. उजवा गुडघा जास्त दुखतो, म्हणून उतरताना तिच्या उजव्या बाजूला उभं राहायचं. ऐकू कमी येतं ते डाव्या कानानं. आणि एक ओळ होती, "बाहेर गेल्यावर पाणी पीत नाही, टॉयलेट सापडणार नाही या भीतीनं. विचारलं तर तहान नाही म्हणते." ते पान वाचून बाबा बराच वेळ गप्प होते. सख्ख्या आईबद्दलचं ते पान त्यांना त्यांच्या बायकोकडून मिळालं होतं.

श्रीलंकाच का

आता देशाबद्दल. श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण पाचवा भाग. एवढ्याशा जागेत समुद्र, अडीच हजार मीटर उंचीचे डोंगर, कोरडा प्रदेश आणि चहाचे मळे सगळं आहे. मुंबईहून कोलंबो अडीच तासांच्या आसपास. घड्याळ बदलावं लागत नाही, वेळ आपलीच. म्हणजे आजीच्या गोळ्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं. गाड्या डावीकडून चालतात. आणि जेवणात भात. ज्येष्ठ मंडळींचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

पण नकाशावर अंतरं छोटी दिसतात म्हणून फसू नका. एक्स्प्रेसवे सोडला तर रस्ते वळणांचे आणि गावांतून जाणारे. तासाला पस्तीस-चाळीस किलोमीटर धरा. कँडी ते नुवारा एलिया ऐंशी किलोमीटरच्या आत आहे, पण घाटातून तीन तास जातात.

कधी जायचं? हे नीट ऐका, कारण आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि तिथलं हवामान जुळत नाही. तिथे पाऊस दोनदा येतो. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस, तो कोलंबो, गॉल आणि डोंगराच्या पश्चिम अंगाला. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस, तो मुख्यतः उत्तर आणि पूर्व भागात. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीतच जायचं असेल तर दक्षिण किनाऱ्याऐवजी त्रिंकोमालीच्या बाजूला पूर्व किनाऱ्यावर जा. एप्रिलच्या मध्यावर सिंहली-तमिळ नववर्ष असतं, तेव्हा दुकानं बंद, लोक गावाला. आम्ही मार्चअखेरची वेळ धरली, परीक्षा संपून नवीन वर्ग सुरू व्हायच्या आधीची. उकाडा भरपूर, अधूनमधून दुपारी गडगडाटी सर, पण सगळीकडे फिरता येतं.

आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना व्हिसाचं शुल्क माफ होतं, पण ऑनलाइन अर्ज करावाच लागत होता. हे नियम बदलत राहतात, त्यामुळे जाण्याआधी सरकारी संकेतस्थळ बघा.

मुक्काम असे केले: निगोंबो एक रात्र, कारण ते विमानतळाजवळ आहे. सिगिरिया तीन, कँडी दोन, नुवारा एलिया दोन, एल्ला एक, गॉल दोन. अकरा जणांसाठी ड्रायव्हरसकट एक मिनी कोच घेतली. ड्रायव्हरना मुलं "अय्या" म्हणायची, सिंहलीत अय्या म्हणजे मोठा भाऊ. मोठ्या बहिणीला तिकडेही अक्काच म्हणतात. शीटमध्ये एक ओळ अय्यांचीही होती. कँडीत त्यांना पूर्ण दुपार सुट्टी. घाटातून तुम्हाला नेणारा माणूस झोपलेला असला पाहिजे, हा साधा हिशोब आहे.

सिगिरिया: आई वर, बाबा खाली

सिगिरिया म्हणजे सपाट जंगलातून एकदम वर आलेला जवळजवळ दोनशे मीटरचा खडक. पाचव्या शतकात काश्यप राजानं त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. हा काश्यप बापाला, म्हणजे धातुसेन राजाला मारून गादीवर आला होता. धातुसेनाची कथा अशी सांगतात, की मुलानं खजिना कुठे आहे म्हणून विचारल्यावर तो त्याला आपण बांधलेल्या कलावेव तलावावर घेऊन गेला आणि ओंजळीत पाणी घेऊन म्हणाला, हीच माझी सगळी संपत्ती. कोरड्या प्रदेशातल्या त्या तलावांवर शतकानुशतकं शेती चालली, त्यामुळे तो खोटं बोलत नव्हता. खडकाच्या मध्यावर स्त्रियांची रंगीत भित्तिचित्रं आहेत, बघितल्यावर आपल्याला अजिंठा आठवतो. शेजारच्या गुळगुळीत भिंतीवर हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या पर्यटकांनी त्या चित्रांवर कविता कोरून ठेवल्या आहेत. म्हणजे "मी इथे आलो होतो" लिहिण्याची हौस जुनीच!

पायऱ्या साधारण बाराशे. त्या सकाळी शीटमध्ये नाव होतं बाबांचं.

सकाळी सातला आम्ही चढायला लागलो. उशीर केला तर खडक तापतो. आई हळूहळू पण नीट चढली. फक्त एक गोष्ट, ती दर वळणावर थांबून खाली बघायची. चित्रांपाशी पोचल्यावर तिनं फोन काढला, "त्यांना विचारते, गोळी दिली का." मी म्हटलं, आई, तुझी ड्यूटी नाही. रजेवरचा माणूस गुपचूप लॅपटॉप उघडतो ना, अगदी तसं तिचं चाललं होतं. तिनं फोन परत ठेवला, पण चेहऱ्यावरून कळत होतं की मन खालीच आहे.

वर पोचल्यावर चारी बाजूंना जंगल दिसतं. राजवाड्याचे नुसते पाये उरलेत. आई एका कट्ट्यावर वीस मिनिटं बसून राहिली. मग म्हणाली, "वर काहीच नाहीये गं, नुसत्या विटा. पण किती छान आहे."

खाली खडकाच्या पायथ्याला जुन्या बागा आहेत, पाण्याची कुंडं, सरळ वाटा, झाडांची सावली. ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी तेच सिगिरिया आहे आणि ते कमी प्रतीचं नाही. बाबा आणि आजी तिथे अडीच तास होते. काय बोलले ते मला माहीत नाही. एवढं कळलं की बाबांनी आजीला दोनदा टॉयलेटला नेलं. पहिल्यांदा दाराबाहेर उभे राहिले तेव्हा त्यांना सुचेना काय करावं. दुसऱ्यांदा त्यांनी तिथल्या सफाई करणाऱ्या बाईंना हातवारे करून मदतीला बोलावलं. आई गेली पाच-सात वर्षं हे रोज करते. बाबांनी ते साठाव्या वर्षी पहिल्यांदा केलं. गाडीत बसताना ते आईला म्हणाले, "उभं राहताना ती माझा हात फार घट्ट धरते." आई म्हणाली, "हो, धरते."

बस, एवढंच.

पोलोन्नारुवाचं ऊन

दुसऱ्या दिवशी पोलोन्नारुवा. सिगिरियापासून दीड तासाच्या आत, मध्ययुगीन राजधानीचे अवशेष. गल विहार नावाची जागा आहे, एकाच खडकात कोरलेल्या भव्य बुद्धमूर्ती. अशा पवित्र ठिकाणी चपला आणि टोपी काढावी लागते, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. आता मार्च महिना, तापलेला दगड आणि अनवाणी पाय. म्हणून टीप लिहून घ्या, जाड मोजे न्या, मोजे चालतात.

त्या दिवशी ड्यूटी भावोजींची होती. साडेअकराच्या सुमारास आजी बोलायची कमी झाली. आजी गप्प झाली म्हणजे काहीतरी बिनसलंय. विचारलं तर "काही नाही, तहान पण नाही." भावोजींना ती ओळ आठवली. त्यांनी पाणी पुढे केलंच नाही. आधी आजीला घेऊन टॉयलेट कुठे आहे ते दाखवून आणलं. मग सावलीत बसवून एक तंबिली फोडून घेतली. तंबिली म्हणजे तिथलं केशरी शहाळं, रस्त्यावर जागोजागी मिळतं. आजीनं दोन प्यायली. अर्ध्या तासात आत्याला ओरडायला लागली, म्हणजे बरी झाली.

जावयाला सासूबाईंच्या सासूच्या टॉयलेटची भीती माहीत असणं, हे आमच्या घरात ट्रिपच्या आधी कोणी कल्पनाही केलं नसतं. ते पान लिहिलं गेलं म्हणून हे झालं. आईच्या डोक्यात असतं तर आईला हाक मारावी लागली असती, आणि आई त्या वेळी अर्धा किलोमीटर पुढे, भाचीबरोबर माकडं बघत होती.

एक महत्त्वाचं. श्रीलंकेत १९९० हा मोफत रुग्णवाहिकेचा नंबर आहे, सुव सेरिय नावाची सेवा. २०१६ मध्ये भारताच्या मदतीनं ती सुरू झाली. आम्हाला गरज पडली नाही, पण सगळ्यांच्या फोनमध्ये होता. आणि ज्येष्ठांचा प्रवास विमा काढताना आधीचे आजार लपवू नका, लपवले तर नेमक्या वेळी दावा अडतो. गोळ्यांचे दोन संच करा, दोन वेगळ्या बॅगांत. विमानतळावरची व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा.

कँडी, होळी आणि काका

कँडीत दंतधातू मंदिर आहे, श्री दलदा मालिगावा, जिथे बुद्धाचा दात जपलाय अशी श्रद्धा आहे. आम्ही होतो त्या दिवशी पौर्णिमा आली, आपली होळीची. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. दारूची दुकानं बंद, लोक पांढरे कपडे घालून, हातात कमळं घेऊन देवळात. आजी ते बघून म्हणाली, "आपल्याकडे आज बोंबा मारतात, आणि इथे बघा किती शांत!" काकूनं पुण्याहून आणलेल्या पुरणपोळ्या रात्री हॉटेलच्या व्हरांड्यात वाटल्या. अय्यांनाही एक दिली. त्यांनी २०२२ सालच्या गोष्टी सांगितल्या. देश कर्ज फेडू शकत नव्हता, पेट्रोलसाठी ते गाडीतच झोपून रांगेत थांबायचे, पर्यटक नव्हते. तुमच्यासारखी अकरा जणांची गाडी भरते तेव्हा बरं वाटतं, म्हणाले.

आता न शोभणारं पण खरं सांगते. कँडीतली ड्यूटी काकांची होती, आणि त्यांनी ती परस्पर काकूला दिली. नुवारा एलियालाही तेच. मी काकूला विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे, त्यांना कंटाळा येतो." शीट केली म्हणून माणसं बदलतात असं नाही. पण एक झालं. आधी हे कोणाला दिसलंच नसतं. आता शीटवर काकांचं नाव होतं आणि बाकावर काकू होती, आणि ते अकराही जणांना दिसत होतं. भाचीनं तर जेवताना विचारलंच, "आजोबा, तुमची ड्यूटी होती ना?" काका काही बोलले नाहीत. गॉलला मात्र ते स्वतः थांबले.

चहाचे मळे

नुवारा एलिया १,८६८ मीटरवर. नुवर म्हणजे नगर, तोच शब्द झिजून झालेला. सिंहली भाषा आपल्याच भाषांच्या घराण्यातली. भाचीनं अय्यांकडून आकडे शिकून घेतले. सातला हत, आठला अट, दहाला दहय. तिनंच शोध लावला, की आपल्या "स"चा ते "ह" करतात.

इथल्या चहाची सुरुवात १८६७ मध्ये कँडीजवळच्या लूलकंदुर मळ्यात जेम्स टेलर या स्कॉटिश माणसानं केली. आधी सगळी कॉफी होती, ती पानांवरच्या तांबेरा रोगानं गेली. मळ्यांत राबायला तमिळनाडूतून माणसं आणली गेली. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं या लोकांपैकी बहुतेकांना नागरिकत्व नाकारलं गेलं. पुढे शास्त्रीजी आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात १९६४ मध्ये करार झाला, त्यातून बऱ्याच जणांना भारतात पाठवलं गेलं. आपण फोटो काढतो त्या हिरव्यागार उतारांमागे हा इतिहास आहे. आजी मळ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसली होती. पानं खुडणाऱ्या बायका बघून तिनं पहिला प्रश्न विचारला, "यांची पोरं कोण सांभाळतं?" उत्तर मिळालं, मळ्याचं पाळणाघर असतं. आजी म्हणाली, "म्हणजे तिथे कोणीतरी ड्यूटीवर आहे."

जवळच सीता एलियाला सीतेचं देऊळ आहे. अशोकवन इथेच होतं अशी श्रद्धा आहे. ते आजीनं मागितलेलं ठिकाण, म्हणून त्या सकाळी आम्ही सगळे तिच्याबरोबर.

रेल्वे आणि जेवण

कँडी-एल्ला रेल्वेप्रवास प्रसिद्ध आहे, पण तो सहा-सात तासांचा. आजीला एवढं बसणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही फक्त नानुओया ते एल्ला हा टप्पा घेतला, तीन तासांच्या आसपास. नानुओया हे नुवारा एलियाचं स्टेशन. सामान कोचमधून रस्त्यानं पुढे गेलं. आणखी एक बारकावा. फोटोत दिसतो तो नऊ कमानींचा पूल एल्लाच्या पुढे, डेमोदऱ्याच्या वाटेवर आहे. एल्लाला उतरलात तर गाडी त्यावरून जात नाही. आजी, आत्या आणि मी एल्लाला उतरलो, माझी ड्यूटी होती. बाकीचे डेमोदऱ्यापर्यंत जाऊन टुकटुकनं परत आले. हा पूल १९२१ चा, दगड-विटांचा, लोखंडाविना बांधलेला.

शाकाहारी मंडळींसाठी: राइस अँड करी मागवा. भात, परिप्पू म्हणजे डाळ, आणि तीन-चार भाज्या येतात. पोलोस म्हणजे आपली कोवळ्या फणसाची कुयरी, आत्याला ती इतकी आवडली की तिनं रेसिपी विचारून घेतली. नाश्त्याला इंदिआप्पा, म्हणजे आपल्या शेवया, नारळाच्या रसाबरोबर. फक्त नारळाच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलात, बरेचदा सुक्या माशाचा चुरा असतो, त्याला उंबलकड म्हणतात. तो शब्द पाठ करा आणि "नको" म्हणा. गोडात म्हशीचं मातीच्या वाडग्यातलं दही आणि कितुलचा पाक. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड.

शेवटचे दोन दिवस गॉलला. किल्ल्याची डचांनी बांधलेली तटबंदी बरीचशी सपाट, संध्याकाळी वारा. काका आजीला घेऊन सावकाश चालत होते. आई आणि काकू समुद्रात पाय बुडवून उभ्या होत्या, दोघीच. त्या बराच वेळ आल्या नाहीत आणि कोणी बोलावलंही नाही.

शेवटचं

परत आल्यावर घर बदललं का? सगळं नाही. स्वयंपाक अजून आईच करते. पण आजीच्या गोळ्यांचा डबा आता दर रविवारी बाबा भरतात, आणि आई शनिवारी सकाळी मैत्रिणींबरोबर टेकडीवर जाते. कधीतरी अजून फोन करते, "गोळी दिली का?" बाबा म्हणतात, "दिली, तू फिर."

तुम्ही अशी ट्रिप काढणार असाल तर तिकिटांच्या आधी एक काम करा. तुमच्या घरात जी व्यक्ती कायमची ऑन-कॉल आहे, तिला ते पान लिहायला सांगा. आणि मग ते सगळ्यांना वाचायला द्या. हॉटेलं नंतर बघा, ती मिळतात.

शीटचा नमुना हवा असेल तर कळवा, पाठवते. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि काळजी घेणाऱ्यांचीही घ्या. नमस्कार.